घरगुती स्मार्ट स्पीकरवरील नवी व्हॉइस ॲप्स : शिफारस, निवड आणि मराठी कुटुंब

प्रस्तावना

संगणकाशी संवाद साधण्याचे माणसाचे साधन दीर्घकाळ कळफलक आणि पडदा हेच होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये ॲमेझॉन कंपनीने अमेरिकेत 'इको' हा स्पीकर सादर केला, तेव्हा ही स्थिती पालटण्यास सुरुवात झाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये गुगलने 'गुगल होम' हे उपकरण तेथे बाजारात आणले. भारतात इको ऑक्टोबर २०१७ मध्ये, तर गुगल होम एप्रिल २०१८ मध्ये उपलब्ध झाले. बोलण्यास बोलूनच उत्तर देणारे हे उपकरण आज अनेक मध्यमवर्गीय घरांतील दिवाणखान्यात दिसते.

स्पीकर घरी आल्यानंतर त्यावर कोणती ॲप्स वापरावीत, हा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. त्याचे उत्तर बहुधा 'या आठवड्यातील नवी ॲप्स' अशा स्वरूपाच्या शिफारशींतून मिळते. परंतु शिफारस म्हणजे पारख नव्हे, आणि नवेपणा हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे. व्हॉइस ॲपची रचना मोबाइलवरील ॲपपेक्षा मूलतः भिन्न असल्यामुळे त्याच्या निवडीचे निकषही वेगळे असणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात व्हॉइस ॲपची कार्यपद्धती, शिफारशीचे स्वरूप आणि मर्यादा, तसेच मराठी कुटुंबाच्या दृष्टीने निवडीचे निकष यांचा विचार केला आहे.

व्हॉइस ॲपची कार्यपद्धती

ॲमेझॉनच्या व्यवस्थेत व्हॉइस ॲपला 'स्किल' असे म्हणतात. बाहेरील निर्मात्यांना अशी स्किल्स तयार करता यावीत, यासाठी लागणारा साधनसंच कंपनीने जून २०१५ मध्ये खुला केला. त्याचे कार्य पुढील टप्प्यांनी चालते.

'अलेक्सा' हा हाक मारण्याचा शब्द स्पीकर स्वतःच ओळखतो. तो ऐकू येताच पुढील बोलणे इंटरनेटद्वारे कंपनीच्या संगणकांकडे पाठविले जाते. तेथे ध्वनीचे अक्षरांत रूपांतर होते. त्यानंतर वाक्यातून दोन गोष्टी वेगळ्या काढल्या जातात : बोलणाऱ्याचा हेतू आणि त्या हेतूसाठी लागणारा तपशील. उदाहरणार्थ, 'साबुदाण्याच्या खिचडीची कृती सांग' या वाक्यात कृती विचारणे हा हेतू होय आणि पदार्थाचे नाव हा तपशील होय. हे दोन्ही घटक स्किलच्या निर्मात्याच्या संगणकीय प्रणालीकडे जातात. तेथून आलेले लिखित उत्तर पुन्हा आवाजात रूपांतरित होऊन स्पीकरवर ऐकू येते.

या वर्णनातील एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मोबाइलवरील ॲप फोनमध्ये उतरवून घेतले जाते. व्हॉइस ॲप मात्र स्पीकरमध्ये उतरत नाही. ते केवळ 'सुरू' केले जाते आणि त्याचा कार्यभाग दूरच्या संगणकावर चालतो. यातून दोन परिणाम संभवतात. कंपनीने तपासून मान्यता दिल्यानंतरही निर्माता आपल्या प्रणालीत बदल करू शकतो. तसेच निर्मात्याने अथवा कंपनीने सेवा थांबविल्यास ॲप एका दिवसात नाहीसे होऊ शकते. बाहेरील निर्मात्यांनी गुगल असिस्टंटसाठी तयार केलेली संवादात्मक ॲप्स चालविणारी व्यवस्था गुगलने १३ जून २०२३ रोजी बंद केली. त्यापूर्वीच्या वर्षांत 'नवे' म्हणून शिफारस झालेली अशी ॲप्स त्या दिवशी निरुपयोगी ठरली.

शिफारशीचे स्वरूप आणि मर्यादा

ग्रंथालयात वाचक कपाटासमोर उभा राहून पुस्तके चाळतो. पडद्यावरही दहा-बारा पर्याय एकाच वेळी दिसतात. आवाजाच्या माध्यमात मात्र अशी यादी डोळ्यांसमोर राहत नाही. दहा नावे ऐकून घेईपर्यंत पहिली विसरली जातात. सन २०१९ मध्ये अलेक्सावरील स्किल्सची संख्या एक लाखाच्या वर गेली होती. एवढ्या भांडारातून वापरकर्त्याच्या कानी दोन-चार नावेच पडत असल्यामुळे ती नावे कोण निवडतो, या प्रश्नास महत्त्व प्राप्त होते.

ही नावे कंपनीच्या ईमेलमधून, स्टोअरमधील तारांकित श्रेणीतून अथवा एखाद्या उत्तराच्या शेवटी स्पीकरने केलेल्या सूचनेतून कळतात. कधी वापरकर्त्याने कोणत्याही स्किलचे नाव न घेता प्रश्न विचारला, तरी व्यवस्थाच एखादे स्किल निवडून उत्तर देते. तेथे शिफारस आणि निवड यांतील अंतरच उरत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने जाहीर केलेल्या 'अलेक्सा प्लस'मध्ये ठरावीक शब्दरचनेऐवजी मोकळ्या संभाषणावर भर आहे. त्यामुळे ही प्रवृत्ती वाढण्याचीच शक्यता अधिक आहे.

शिफारशीवर विसंबण्यातील धोके संशोधकांनी दाखवून दिले आहेत. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये असे दाखविले की, उच्चारसाधर्म्य असलेल्या नावाचा लाभ घेऊन एका स्किलऐवजी दुसरेच स्किल उघडविता येते. बर्लिन येथील 'सिक्युरिटी रिसर्च लॅब्ज' या संस्थेने २०१९ मध्ये, बंद झाल्याचे भासवून पुढेही ऐकत राहणारी आणि पासवर्ड विचारणारी ॲप्स तयार केली. ती कंपन्यांच्या तपासणीतून पारही पडली. जर्मनी आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात देशांच्या स्टोअरमधील ९०,१९४ स्किल्सचे विश्लेषण केले. एखाद्या नामांकित कंपनीच्या नावाने भलत्यानेच स्किल प्रसिद्ध करणे शक्य असल्याचे त्यात आढळले. सारांश, स्टोअरमध्ये असणे, परिचित नाव असणे आणि शिफारस होणे या तिन्ही गोष्टी मिळूनही विश्वासार्हतेची खात्री देत नाहीत.

आवाजास साजेशी कामे

कोणते ॲप घ्यावे, याचा विचार नावांच्या यादीपासून न करता कामाच्या स्वरूपापासून करणे अधिक इष्ट होय. हात किंवा डोळे गुंतलेले असताना करावयाची, उत्तर थोडक्यात मिळणारी आणि चूक झाली तरी हानी न होणारी कामे आवाजाच्या माध्यमास अनुकूल असतात.

या कसोटीवर पुढील प्रकारची ॲप्स घरात उपयुक्त ठरतात. पहिला प्रकार आकाशवाणी व श्राव्य कार्यक्रमांचा होय. आकाशवाणीची प्रादेशिक भाषांतील प्रसारणे २०१८ मध्ये अलेक्सावर उपलब्ध करण्यात आली. येथे यंत्रास केवळ केंद्राचे नाव कळावे लागते. त्यापुढील सर्व भाषा माणसाची असते. ज्येष्ठ आणि दृष्टिहीन व्यक्तींना हा प्रकार विशेष सोयीचा आहे. दुसरा प्रकार स्वयंपाकघरातील कृतींचा होय. मात्र 'पुढची पायरी' असे म्हटल्यावरच पुढे जाणारे ॲप निवडावे. संपूर्ण कृती एका दमात वाचणारे ॲप पिठाने भरलेल्या हातांच्या उपयोगाचे नाही. तिसरा प्रकार प्रश्नोत्तरी खेळांचा होय. मनातील व्यक्ती ओळखणारा 'अकिनेटर' हा खेळ मुख्यतः होय-नाही अशा उत्तरांवर चालतो. त्यामुळे उच्चारभेदाने त्यात फारसा अडथळा येत नाही. चौथा प्रकार पावसाचा अथवा समुद्राचा ध्वनी ऐकविणाऱ्या, झोपेस साहाय्यक ॲप्सचा होय.

याउलट पासवर्ड, बँक खात्याचा तपशील, औषधाची मात्रा किंवा रोगनिदान यांसाठी व्हॉइस ॲपवर विसंबणे योग्य नव्हे. तेथे एका शब्दाची चूकही महागात पडते, आणि मोठ्याने उच्चारलेले गुपित घरातील सर्वांच्या कानी जाते.

बालके आणि खासगीपणा

डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील एका दहा वर्षांच्या मुलीने अलेक्साकडे काहीतरी आव्हान मागितले. तेव्हा यंत्राने इंटरनेटवरून उचललेली, विजेच्या अर्धवट लावलेल्या प्लगला नाणे लावण्याची जीवघेणी कृती सुचविली. सुदैवाने अनर्थ टळला आणि कंपनीने तो दोष दूर केल्याचे सांगितले. यावरून असे म्हणता येईल की, मुलांच्या हाती खुला प्रश्न देण्यापेक्षा निश्चित आशय असलेले, पालकांनी आधी ऐकलेले गोष्टींचे वा खेळांचे ॲप देणे अधिक सुरक्षित आहे.

दुसरा प्रश्न मुलांच्या आवाजाच्या नोंदींचा आहे. अलेक्सावरील मुलांची ध्वनिमुद्रणे अवाजवी काळ जतन केल्याच्या आरोपावरून अमेरिकी शासनाने २०२३ मध्ये केलेल्या कारवाईत ॲमेझॉनने २.५ कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. अमेरिकेतील काही इको उपकरणांवर असलेला, ध्वनिमुद्रण कंपनीकडे न पाठविण्याचा पर्याय २८ मार्च २०२५ पासून काढून टाकण्यात आला. ध्वनिमुद्रण जतन न करण्याचा पर्याय मात्र सेटिंगमध्ये असतो, आणि तो वापरकर्त्याने स्वतः निवडावा लागतो. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरते. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे.

मराठी भाषकांच्या संदर्भात

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषकांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख आहे. गुगल असिस्टंटमध्ये मराठीचा समावेश २०१८ मध्ये झाला, तर अलेक्सा २०१९ मध्ये हिंदी बोलू लागली. या संदर्भात 'क्लिओ' या स्किलचे उदाहरण बोलके आहे. २०१८ मध्ये भारतात सादर झालेल्या या स्किलमध्ये वापरकर्त्याने अलेक्साच्या इंग्रजी वाक्यांना हिंदी, तमिळ, मराठी इत्यादी भाषांत उत्तरे द्यावीत, अशी योजना होती. बाह्यतः तो खेळ होता. वस्तुतः वापरकर्ते यंत्रास आपली भाषा विनामूल्य शिकवीत होते. नवे ॲप आपल्याला काय देते, याबरोबरच ते आपल्याकडून काय घेते, हा प्रश्नही विचारणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

मराठी समजण्याचा दावा करणाऱ्या ॲपपुढील अडचणी भाषेच्या रचनेतच आहेत. पहिली अडचण सामान्यरूपाची होय. 'पुणे' हे नाव वाक्यात 'पुण्याचे हवामान' असे, तर 'सातारा' हे 'साताऱ्यात' असे येते. ज्या ॲपच्या निर्मात्याने केवळ मूळ नावांची यादी पुरविली असेल, त्याला हा तपशील जुळविता येत नाही. दुसरी अडचण अपूर्णांकांची होय. 'पावणेसहा', 'सव्वाचार', 'दीड', 'अडीच' हे शब्द इंग्रजीवरून केलेल्या शब्दशः अनुवादात सुचत नाहीत. परंतु घरातील वेळेचा व्यवहार त्यांच्याशिवाय चालत नाही. तिसरी अडचण उच्चारांची होय. 'वेळ' आणि 'वेल', 'मण' आणि 'मन' यांतील भेद अर्थभेदक आहे. त्यातच मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणाऱ्यांच्या मराठीतील विविधतेची भर पडते.

बोलीभेदाचा प्रश्न इंग्रजीतही सुटलेला नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाच मोठ्या कंपन्यांच्या वाणी-ओळख प्रणालींची चाचणी घेतली असता, गौरवर्णीयांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सरासरी १९, तर कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५ चुका आढळल्या. ज्या बोलीचे नमुने कमी, तिच्या वाट्याला चुका अधिक. आपले बोलणे यंत्रास तीन वेळा कळले नाही की घरातील आजी चौथ्यांदा बोलत नाही. 'मला नाही जमत' असे म्हणून ती बाजूला होते. उणीव यंत्राची असते, पण न्यूनगंड माणसास येतो. घरातील सर्वांसाठी म्हणून आणलेले साधन अशा रीतीने इंग्रजी शिकलेल्या नातवंडांपुरते उरते.

या बाबतीत महाविद्यालयांना निश्चित भूमिका आहे. केंद्र शासनाचा २०२२ मध्ये सुरू झालेला 'भाषिणी' उपक्रम आणि मोझिलाचा 'कॉमन व्हॉइस' हा खुला ध्वनिसंग्रह यांत मराठीचा समावेश आहे. मराठी आणि संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन, बोलणाऱ्यांची लेखी संमती घेऊन, आपल्या परिसरातील बोलींचे नमुने अशा खुल्या संग्रहांस पुरविल्यास त्याचा लाभ कोणा एका कंपनीपुरता मर्यादित राहणार नाही.

निवडीचे निकष

उपरोक्त विवेचनावरून नव्या व्हॉइस ॲपसाठी पुढील निकष सुचविता येतात.

१. ॲपचा निर्माता कोण, हे त्याच्या स्वतःच्या अधिकृत संकेतस्थळावरून पडताळावे.
२. मागितलेली परवानगी कामाशी सुसंगत असावी. गोष्ट सांगणाऱ्या ॲपला घराच्या पत्त्याचे प्रयोजन नसते.
३. कोणतेही ॲप पासवर्ड विचारू लागल्यास ते तत्काळ बंद करावे.
४. मुलांसाठीचे ॲप प्रथम पालकांनी संपूर्ण ऐकावे.
५. मराठीचा दावा असल्यास सामान्यरूप, 'पावणे-सव्वा' आणि ळ-ण यांचा समावेश असलेली तीन वाक्ये घरातील ज्येष्ठ व्यक्तीने उच्चारून पाहावीत.
६. जे काम ॲपविना अडेल, ते ॲपवर सोपवू नये. कारण ॲप केव्हाही बंद होऊ शकते.
७. न वापरलेली ॲप्स आणि साठलेली ध्वनिमुद्रणे ठरावीक काळाने काढून टाकावीत.

समारोप

व्हॉइस ॲप हे सोयीचे साधन आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. अंध व्यक्तीस स्वतःहून आकाशवाणी लावता येणे किंवा हातातील काम न सोडता गृहिणीस पुढील पायरी ऐकता येणे, ही लहान वाटणारी पण खरी स्वायत्तता आहे. परंतु ही सोय कोणास मिळते आणि कोणास मिळत नाही, हे ॲपच्या नवेपणावर अवलंबून नसून त्याच्या निवडीवर आणि भाषेवर अवलंबून आहे. शिफारस ही विचाराची सुरुवात मानावी, शेवट मानू नये. घरातील सर्वांत वयस्कर आणि सर्वांत लहान व्यक्तीस जे ॲप आपल्या बोलीत, निर्धोकपणे वापरता येते, तेच त्या घरासाठी शिफारसपात्र म्हणावे लागेल.