दुर्बिणीतले बोनस शेअर

बाजारातल्या लहान दुर्बिणींच्या खोक्यावर पुष्कळदा ‘५२५ पट’ असा ठळक आकडा छापलेला असतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. आकडा दिसला की तो कोणत्या खात्यातून आला हे पाहिल्यावाचून राहवत नाही.

हा आकडा असा जमतो. पुढच्या मोठ्या भिंगाचे नाभीय अंतर ७०० मि.मी., डोळ्याजवळच्या नेत्रिकेचे ४ मि.मी.; भागाकार १७५. सोबत दिलेले तीनपट बार्लो भिंग मधे बसवले की झाले ५२५! गणितात चूक नाही, पण दिसत मात्र काही नाही. मग वर्गणी काढून घेतलेली दुर्बीण (आमच्या घरच्या कानडीत ‘दूरदर्शक’) दुसऱ्याच आठवड्यात माळ्यावर जाते.

बार्लो हे नाव इंग्रज गणिती पीटर बार्लो याचे. वर्ग, घन व मुळे यांची त्याची १८१४ सालची कोष्टके शंभराहून अधिक वर्षे छापली जात होती. १८३३ च्या सुमारास त्याने हे अंतर्गोल भिंग पुढे आणले. ते नेत्रिकेच्या पुढे नळीत बसते. एकत्र येऊ पाहणाऱ्या किरणांना ते किंचित पसरवते, त्यामुळे ते अधिक लांब जाऊन मिळतात. ७०० ची दुर्बीण जणू २१०० ची होते.

परंतु प्रकाश? पुढच्या भिंगाने गोळा केला तेवढाच. कंपनीने एकास एक बोनस शेअर दिले म्हणजे भागधारकाच्या हातातले शेअर दुप्पट होतात, कंपनीची मालमत्ता तीच राहते. इथे तर त्याहून वाईट. प्रतिमा दुप्पट केली की तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो आणि चित्र मंद होते. मि.मी. मधील व्यासाच्या दुप्पट, हा उपयुक्त विशालनाचा ढोबळ नियम आहे. म्हणजे ६० मि.मी. च्या दुर्बिणीला १२० पट पुरे. नुसती ४ ची नेत्रिकाच ही मर्यादा ओलांडून बसलेली असते!

म्हणून बार्लो फेकून द्यावे काय? मुळीच नाही. दोष जोडीचा आहे. तेच भिंग २० मि.मी. च्या नेत्रिकेला लावावे. नुसत्या नेत्रिकेतून ३५ पट, म्हणजे गुरू जवळजवळ साध्या डोळ्यांना चंद्र दिसतो तेवढा. बार्लो लावल्यावर १०५ पट. शिवाय ४ ची नेत्रिका डोळा अगदी चिकटवायला लावते. २० ची तसे करीत नाही, हे चष्मेवाल्यांना निराळे सांगायला नको. स्वतंत्र बार्लो घेणार असाल तर दोन काचा जोडून केलेले, दुप्पट विशालनाचे घ्यावे. एकेरी भिंगात कडांना रंग दिसतात. मात्र २० आणि १० अशा नेत्रिका असतील तर दुप्पट बार्लोने २० ची १०च होते, एक नेत्रिका वाया. २५ आणि १० ठेवल्यास चार निरनिराळी विशालने मिळतात.

आणखी एक अडचण आपल्या वडोदऱ्याची. सयाजीबागेतल्या तारांगणात आकाश स्थिर असते, गच्चीवर नसते. उन्हाळ्यात दिवसभर तापलेली गच्ची रात्री उष्णता सोडते, चंद्राची कड वाहत्या पाण्याखालच्यासारखी हलते, आणि बार्लो ही थरथरही तितक्याच पटीने वाढवते. अशा रात्री गवताचे मैदान गाठावे.

आधी नुसत्या नेत्रिकेने ग्रह मध्यभागी आणावा, मग बार्लो बसवून पुन्हा स्पष्ट करून घ्यावा. १०० पटींना गुरू दीड-दोन मिनिटांत नजरेबाहेर सरकतो. मागे मित्रांची रांग उभी असेल तर बार्लो खिशातच बरे.