साल कुठलं?

रुमाल सोडायचा म्हणजे आधी गाठीशी झटापट. पुण्यात सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जुने कागद कापडात बांधलेले असतात आणि त्या गठ्ठ्यालाच रुमाल म्हणतात. आतला हातकागद घोटून गुळगुळीत केलेला. काजळीची शाई अजून काळीभोर.

मोडीत आधी आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचं. शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नाही. तरी सवयीने अक्षर लागतं. घोडं अडतं ते तारखेपाशी. पुष्कळ पत्रांत चंद्र, म्हणजे चांद्र तारीख, आणि महिना असतो, साल नसतं. ज्याला पत्र गेलं त्याला ते ठाऊकच होतं! मग मुक्काम कुठे, मजकुरात कुणाचं लग्न, कुणाचं सुतक, असं धुंडाळत बसायचं. साल असलंच तर ते 'इहिदे सितैन मया व अलफ' असं: एक, साठ, शंभर, हजार. म्हणजे सुहूर सन ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०. पण हे साल मृगाला सुरू होतं, तेव्हा त्यातला जमादिलाखर पडतो १७६१च्या जानेवारीत, पानिपतच्या महिन्यात. जंत्री न उघडता नुसती बेरीज केली, तर पानिपतावर पडलेल्या सरदाराचं सुतक लढाईच्या वर्षभर आधीच लागतं.

७ जुलै १९१० रोजी वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी मंडळ काढलं. राजवाडे त्याआधीच वाड्यांचे माळे, फडताळं पालथी घालत हिंडत होते. कारीच्या जेध्यांच्या घरातली एक रूक्ष शकावली लोकमान्यांनी १९१६ साली मंडळातर्फे छापली. तिच्यात शिवजन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया असा निघाला आणि रूढ साल तीन वर्षांनी पुढे सरकलं.

असे कागद विरळा. बाकी सगळी गहाणखतं, कोठीचे हिशेब, वतनाचे तंटे. मला त्यातले महजर आवडतात. पाटीलकी कुणाची, यावर गोत बसलेलं. खाली ज्याची त्याची निशाणी, कुणब्याचा नांगर, सुताराचं किंकरं. गावात तेव्हा कोण कोण नांदत होतं, हे इतक्या थेट दुसरीकडे क्वचितच कळतं. येणाऱ्याचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला: महाराजांचं पत्र आहे का?