प्लास्टर निघाले, उपचार संपले नाहीत

हाड जुळले की उपचार संपले, असे अनेकांना वाटते. पण मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर साधारण ६ आठवडे प्लास्टरमध्ये राहिलेला हात आखडतो, स्नायू बारीक होतात. फिजिओथेरपीची खरी गरज इथेच असते आणि पैशांअभावी ती इथेच सुटते.

आरोग्य विमा प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी असतो. डिस्चार्जनंतरचा खर्च अनेक पॉलिसींत ६० दिवसांपर्यंत मिळतो. त्यासाठी डॉक्टरांची लेखी चिठ्ठी आणि प्रत्येक पावती लागते. दाखल न होता प्लास्टर घातले असेल, तर ओपीडीचा खर्च पॉलिसीत आहे का, ते आधी पाहावे.

विमा नसेल, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील फिजिओथेरपी विभागात खासगीपेक्षा बराच कमी खर्च येतो. विमाधारक कामगारांना ईएसआयचा आधार आहे. रस्ते अपघातातील जखमींनी फिजिओथेरपीच्या पावत्याही जपाव्यात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागताना त्या उपयोगी पडतात.

रोज जाणे परवडत नसेल, तर थेरपिस्टना मोकळेपणाने सांगावे. व्यायाम नीट शिकून घरी करता येतात आणि ठरावीक दिवसांनी प्रगती दाखवता येते. मात्र दुखणे किंवा सूज वाढली, तर व्यायाम थांबवून लगेच दाखवावे.