बहात्तरचा दुष्काळ आणि मराठीचा तास

शाळेच्या वेळापत्रकात मराठीचा तास वेगळा असतो आणि इतिहास-भूगोलाचा तास वेगळा असतो. घंटा होते, एक पुस्तक दप्तरात जाते आणि दुसरे बाहेर येते. ही वाटणी शाळेच्या सोयीची आहे. ती मोडून टाका, असे मला सांगायचे नाही. पण शाळेच्या फाटकाबाहेर अशी वाटणी कुठे दिसते का, ते पाहा. पारावर दोन म्हातारी माणसे बोलत बसली, की त्यांच्या बोलण्यात भाषा असते, गावचा इतिहास असतो, पाऊसपाणी असते, बाजारभाव असतो आणि सरकारही असते. तिथे कोणी घंटा वाजवून सांगत नाही, की आता भूगोल सुरू झाला.

भाषा आणि समाज हे दोन विषय एकत्र शिकवावेत, ही कल्पना काही आजची नाही. १९३७ साली वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली, तिच्यातून नई तालीम पुढे आली आणि तिच्याबरोबर समवाय हा शब्द शिक्षकांच्या तोंडी रुळला. समवाय म्हणजे एखादे काम मध्यभागी ठेवून त्याच्या अनुषंगाने निरनिराळे विषय शिकवणे. त्या वेळी मध्यभागी चरखा होता. आज मुलांच्या घरोघरी एक नवे साधन आले आहे, ते म्हणजे मोबाइल. त्याचा उपयोग बहुतेक वेळा पाहण्याकडे होतो, ऐकून घेण्याकडे फारसा होत नाही. हेच साधन शाळेच्या कामी लावून मराठी आणि समाजशास्त्र एकत्र कसे शिकवता येईल, ते एका उदाहरणाने पाहू. उदाहरण आपल्या सर्वांच्या ओळखीचे घेतो, बहात्तरच्या दुष्काळाचे.

आता हे काम कसे करायचे? सातवी-आठवीच्या वर्गाचे चार-चार मुलांचे गट करा. एका गटाला एक मोबाइल पुरे. आवाज मुद्रित करायला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे रेंज नसलेल्या वाडीवरही हे काम होते. प्रत्येक गटाने एका अशा माणसाकडे जायचे, की ज्याला १९७२-७३ चे दिवस आठवतात. ती एखाद्याची आजी असेल, शेजारचे तात्या असतील, गावचे जुने कोतवाल असतील. जाण्याआधी वर्गात बसून प्रश्न काढायचे. इथेच भाषेचा पहिला पाठ सुरू होतो. “तुम्ही दुष्काळी कामावर गेला होता का?” असे विचारले तर “हो” एवढेच उत्तर येईल आणि संभाषण संपेल. “सकाळी उठल्यापासून कामावर पोचेपर्यंत काय काय करायचात?” असे विचारले तर आजी अर्धा तास बोलेल. प्रश्नाच्या रचनेवर उत्तर कसे अवलंबून असते, हे मुलाला व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा इथे लवकर उमगते.

मुद्रण झाले, की ते ऐकून जसेच्या तसे लिहून काढायचे. हे काम वेळखाऊ आहे. दहा मिनिटांचे बोलणे उतरवायला तासभर सहज जातो. आजच्या मोबाइलवर बोललेले मराठी टंकून देण्याची सोय आहे. तीही वापरून पाहावी, पण तिच्यावर विसंबू नये. बोलीतला शब्द आला, की ती भलतेच काही लिहून बसते. ते मुलांना शोधून काढू द्या. यंत्राने कुठे चूक केली, का केली आणि आजी खरोखर काय म्हणाली, याची वर्गात चर्चा होऊ द्या. मुद्रण पुन्हा पुन्हा ऐकण्याची सवय मुलांना अशी आपोआप लागते.

इथे एक गोष्ट शिक्षकांनी कटाक्षाने पाळावी. आजीचे बोलणे ‘शुद्ध’ करू नये. ती “आमी ग्येलो व्हतो” म्हणाली असेल, तर तसेच लिहावे. नंतर मुलाने तीच हकीकत स्वतःच्या शब्दांत प्रमाण मराठीत लिहावी, आणि दोन्ही लेखने वहीत समोरासमोर ठेवावी. घरची बोली ही चूक आहे, असे मनात घेऊन जे मूल शाळेत येते, ते पुढे बोलायचेच थांबते. आम्हा कॉलेजात शिकवणाऱ्यांना असे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. दुष्काळावर निबंध लिहा म्हटले, की ते ‘भेगाळलेली धरणी’ आणि ‘आभाळाकडे लागलेले डोळे’ लिहून मोकळे होतात. घरात जिवंत असलेली हकीकत त्यात कुठेच येत नाही. ती लिहिण्याजोगी असते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

आता त्या हकीकतीतले शब्द घ्या. दुष्काळी कामावर गेलेले कोणीही माणूस बोलू लागले, की काही शब्द हमखास येतात. मस्टर, मुकादम, गँग, खडी, सुकडी, मिलो. वरवर पाहता हे साधे शब्द आहेत. पण मुलांना एकेका शब्दाचा माग काढायला सांगा. मुकादम हा शब्द अरबी-फारसीकडून आपल्याकडे आला. मस्टर आणि गँग हे इंग्रजी अमदानीतले, हजेरीपटाचे आणि मजुरांच्या टोळीचे शब्द. मिलो म्हणजे रेशनवर मिळालेली लाल ज्वारी. अमेरिकेत ज्वारीला मिलो म्हणतात, आणि तिकडून धान्याबरोबर हे नावही आले. सुकडी म्हणजे कामावर वाटला जाणारा कोरडा पौष्टिक खाऊ. आजीच्या एका वाक्यात असे तीन राज्यांचे आणि दोन खंडांचे शब्द येऊन बसलेले असतात. मग सांगा, हा तास मराठीचा म्हणायचा, की इतिहासाचा?

शब्द शोधण्यासाठी आज मोठ्या ग्रंथालयात जावे लागत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्दागणिक पाहता येतात. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्व्यांच्या कोशाचे खंड १९३२ पासून निघाले, आणि त्यांत निरनिराळ्या भागांतले बोलींचे शब्दही घेतलेले आहेत. एखादा शब्द कोशात सापडेल, एखादा वेगळ्याच अर्थाने सापडेल, एखादा सापडणारही नाही. जो सापडणार नाही, त्याचा अर्थ आजीला विचारून मुलांनी स्वतः लिहावा. आपल्या गावच्या शब्दाचा अर्थ पहिल्यांदा आपण लिहिला, याचा आनंद मुलाला मोठा असतो.

यानंतर नकाशा उघडा. आजी म्हणते, “कामाला दोन कोस चालत जायचो.” कोस म्हणजे साधारण दोन मैल, म्हणजे सव्वातीन किलोमीटरच्या आसपास. मोबाइलवरच्या उपग्रहाच्या नकाशात आपले गाव दिसते आणि त्या दुष्काळात बांधलेला पाझर तलाव किंवा रस्ताही बहुधा दिसतो. दोन ठिकाणांमधले अंतर तिथल्या तिथे मोजता येते. जाऊन-येऊन रोज किती चाल झाली, त्यात खडी फोडण्याचे काम किती तास, हे मुलांनी मांडावे. तलावात आज पाणी असते का, त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींना त्याचा लाभ होतो का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. हा झाला भूगोल.

इतिहासासाठी एक अस्सल कागद खुद्द शाळेच्या कपाटात असतो, तो म्हणजे जनरल रजिस्टर. त्यात शाळा सोडल्याची तारीख आणि कारण यांचे रकाने असतात. शाळा तेवढी जुनी असेल, तर मुख्याध्यापकांच्या परवानगीने १९६८ पासून १९७६ पर्यंत दर वर्षी किती मुलांनी आणि किती मुलींनी शाळा सोडली, हे मोजा. नावे उतरवू नका, फक्त संख्या घ्या. संगणकावरच्या तक्त्यात त्या भरल्या, की आलेख आपोआप निघतो. दुष्काळाच्या वर्षी रेघ वर चढली का? मुलींची अधिक चढली का? की तसे काहीच झाले नाही? जे निघेल ते निघू द्या. मग मुलांनी त्या आलेखाखाली पाच-सहा वाक्ये लिहावीत. आकड्यांतून जे दिसते तेवढेच सांगणारी नेमकी वाक्ये लिहिणे हा भाषेचा कठीण आणि उपयोगी पाठ आहे.

नागरिकशास्त्र राहिले. ते तर या गोष्टीच्या पोटातच आहे. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. संकटाच्या वेळी काम मागणे हा माणसाचा हक्क आहे, हा विचार वि. स. पागे यांनी मांडला होता. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात त्याचा प्रयोगही झाला होता. दुष्काळाच्या अनुभवाने त्याला बळ आले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ साली देशाने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. आणखी एक गंमत शिक्षकांना सांगतो. तुमच्या पगारातून जो व्यवसाय कर कापला जातो, तो १९७५ मध्ये याच योजनेला पैसा उभा करण्यासाठी सुरू झाला. म्हणजे आजीच्या मस्टरचा धागा गुरुजींच्या पगारपत्रकापर्यंत येऊन पोचतो! मुलांना कायद्याचे कलम पाठ करायला लावण्यापेक्षा हा धागा दाखवला, तर कायदा का होतो हे त्यांना कळेल.

कोणी विचारील, म्हातारी माणसे सांगतात ते खरे कशावरून? प्रश्न रास्त आहे. आठवणीत साल चुकते, दोन उन्हाळे एकात मिसळतात. म्हणून आठवण एका बाजूला आणि कागद दुसऱ्या बाजूला ठेवायला शिकवायचे. तलावाच्या पाटीवर एक साल आणि आजीच्या तोंडी दुसरे, असे झाले तर दोन्ही लिहावीत आणि फरक का पडला असेल याचा विचार करावा. पण भूक कशी होती, कोणत्या विहिरीवर कोणाला पाणी भरू देत आणि कोणाला ओंजळ धरून थांबावे लागे, बायकांना आणि पुरुषांना मजुरी सारखी होती का, या गोष्टी कागदावर क्वचितच येतात. त्या माणसाच्या तोंडूनच ऐकाव्या लागतात.

म्हणूनच इथे जपून पावले टाकावीत. मुद्रण करण्याआधी परवानगी घ्यावी आणि ती परवानगीही मुद्रित करावी. सांगणाऱ्याला एखादी आठवण नकोशी झाली, तर मोबाइल बंद करावा. कोणाचे बोलणे गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये. प्रत्येक मुद्रणाला तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचे नाव देऊन त्याची एक प्रत शाळेच्या संगणकात ठेवावी, कारण मोबाइल हरवतो, फुटतो, भरून जातो. आणि मुलांनी लिहिलेली हकीकत सांगणाऱ्याला वाचून दाखवल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये.

साधे ऐकून घेण्यातून केवढे मोठे काम उभे राहते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावांतून लाखाच्या वर ओव्या जमल्या. पुढे ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून त्या संकेतस्थळावर ठेवायला सुरुवात केली. आज कोणत्याही शाळेत त्या ऐकता येतात आणि वाचताही येतात. गावोगाव पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले, तशी ओवीही थांबत गेली. ती वेळेवर ऐकून ठेवली म्हणून राहिली.

आज असे यंत्रही आले आहे, की ‘दुष्काळावर निबंध’ एवढे सांगितले, तर ते घटकाभरात दोन पाने लिहून देते. मुले त्याचा वापर करतात, हे शिक्षकांना ठाऊक आहे. नुसती बंदी घालून ते थांबेल असे मला वाटत नाही. पण आपल्या गावच्या तलावावर दगड कोणी वाहिले, सुकडी मिळाली की आजी त्यातली मूठभर पदरात बांधून घरी लेकरांसाठी का आणायची, हे त्या यंत्राला माहीत नाही. ते फक्त आजीला माहीत आहे. असा विषय दिला, की मुलाला उठून आजीपाशी जावेच लागते.

जी मुलगी १९७२ मध्ये पंधरा वर्षांची होती, ती आज सत्तरीच्या घरात आहे. तिला अजून सगळे आठवते आहे आणि तिला बोलायचेही आहे. पुढच्या वर्षी बघू, असे म्हणण्यासारखे हे काम नाही. येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक गट, एक मोबाइल आणि पाच प्रश्न एवढ्यावर सुरुवात करा. सोमवारी पहिला तास मराठीचा असेल, तर मुलांनी आणलेले बोलणे वर्गात लावा आणि सगळ्यांनी मिळून ऐका. दुसरा तास इतिहासाचा असला, तर पुस्तक बदलण्याची घाई करू नका.