रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर

रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर हे जमिनीवरून रेडिओ लहरींद्वारे उडवले जाणारे हेलिकॉप्टरचे लहान प्रारूप होय.

मूलभूत संज्ञा

* कलेक्टिव्ह पिच: मुख्य रोटरच्या सर्व पात्यांचा कोन एकाच वेळी सारखा बदलणे. त्यामुळे हेलिकॉप्टर वर-खाली जाते. स्थिर पिच प्रकारात हेच काम रोटरचा वेग बदलून होते.
* सायक्लिक: प्रत्येक फेरीत पात्याचा कोन कमी-अधिक करून हेलिकॉप्टर पुढे, मागे वा बाजूला झुकवणे.
* स्वॉशप्लेट: सर्व्होची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोहोचवणारी तबकडी.
* शेपटीचा रोटर: मुख्य रोटरमुळे सांगाडा उलट दिशेने फिरू नये म्हणून विरुद्ध बल देणारा रोटर. जायरो हे बल आपोआप साधतो.
* हॉवर: हवेत एका जागी स्थिर राहणे. नवशिके शेपूट स्वतःकडे ठेवून याचा सराव करतात. नाक स्वतःकडे असल्यास डावे-उजवे उलटे भासते.

सुरक्षितता

पात्यांचा आघात प्राणघातक ठरू शकतो. २०१३ मध्ये न्यू यॉर्क येथे अशा आघाताने एका तरुण चालकाचा मृत्यू झाला. थ्रॉटल होल्ड या कळीने मोटर तत्काळ बंद होते. भारतात ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो यानासाठी वैमानिक परवाना लागत नाही.