घरातील गीतांचे भांडार

पूर्वी घरात एकच रेडिओ असे व सारे कुटुंब त्याभोवती बसे. आज गीते उदंड आहेत. परंतु ती विखुरलेली. काही मुलाच्या मोबाईलमध्ये, काही सीडीवर, काही जुन्या कॅसेटमध्ये. आजीच्या आवाजातील ख्रिस्तपुराणाच्या ओव्या मात्र नेमक्या हव्या त्या वेळी सापडत नाहीत. ही सारी गीते एके ठिकाणी ठेवून कोणत्याही खोलीत ऐकता येतील काय? अवश्य येतील, आणि त्यासाठी इंटरनेटही लागत नाही. घरातील वाय-फाय राउटर पुरेसा असतो.

या व्यवस्थेची तीन अंगे आहेत. धान्याची कणगी, वाढणारी माउली आणि जेवणारा, तसे येथे गीते साठविणारी हार्ड डिस्क, ती पुरविणारा संगणक आणि ऐकविणारे यंत्र.

साठवणीसाठी ‘फ्लॅक’ हा प्रकार निवडावा. त्यात सीडीवरील ध्वनीचा एकही अंश गळत नाही, तरी जागा साधारण निम्मीच लागते. ‘एमपी-३’ याहून आटोपशीर खरा, पण त्यात गळलेला अंश परत मिळत नाही. ५०० जीबीच्या डिस्कवर हजाराहून अधिक सीडी मावतात.

पुरविण्याच्या कामी अडगळीतील जुना लॅपटॉपही चालतो, अथवा तळहाताएवढा ‘रास्पबेरी पाय’ घ्यावा. तो शक्यतो तारेनेच राउटरला जोडावा, म्हणजे गाणे मध्येच अडखळत नाही. ध्वनी सुस्पष्ट हवा असल्यास यूएसबीला जोडण्याचा ‘डॅक’ लावावा.

सॉफ्टवेअर निवडताना मात्र सावध असावे. ‘स्क्वीझबॉक्स’ या यंत्राची कथा बोधप्रद आहे. ते बनविणारी कंपनी २००६ साली लॉजिटेकने घेतली, २०१२ साली हे यंत्र बंद केले, आणि २०२४ साली त्याची इंटरनेटवरील सेवाही थांबली. तथापि त्याचे सर्व्हर सॉफ्टवेअर सर्वांस खुले होते. स्वयंसेवकांनी ते ‘लिरियन’ या नावाने पुढे चालविले, म्हणून ज्यांनी ते आपल्या घरी बसविले होते त्यांची यंत्रे गातच राहिली. ‘नॅव्हिड्रोम’ व ‘जेलीफिन’ हीही अशीच खुली व विनामूल्य आहेत. जे दुसऱ्याच्या दारी अवलंबून नाही, तेच टिकते.

एक चूक मी स्वतः केली, ती सांगतो. आमच्या गायकवृंदाच्या वृद्ध मास्तरांची गीते मी रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डावरच ठेवली. दुसरी प्रत केली नाही. एका पावसाळी रात्री वीज वारंवार गेली आणि ते कार्ड बिघडले. मास्तर तोवर देवाघरी गेले होते. तो आवाज आता या जगी आम्हांस पुन्हा ऐकू येणार नाही.

म्हणून दोन प्रती कराव्या, आणि एक दुसऱ्या घरी ठेवावी. यंत्र पुढील महिन्यात घेतले तरी चालेल. पण आजोबांचा आवाज या रविवारीच ध्वनिमुद्रित करून ठेवा.