कोटेशनवरचा आय-सेव्हन

ताईनं सांगलीहून एका कोटेशनचा फोटो पाठवला. कागदावर निळ्या शाईत सात ओळी होत्या : आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एसएसडी, ४५० वॅट एसएमपीएस, आरजीबी गेमिंग कॅबिनेट, २२ इंची मॉनिटर. खाली तिचा प्रश्न : "दिवसा माझं टॅली आणि रिटर्नचं काम, रात्री पोराचे गेम. आय-सेव्हन आहे, दहा वर्षं बघायला नको, असं दुकानदार म्हणतो. घेऊ का?"

मी फोन करून एवढंच विचारलं, "कितव्या जनरेशनचा?" ते कागदावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी भाचा दुकानात जाऊन मॉडेल नंबर विचारून आला : आय-सेव्हन २६००. हा प्रोसेसर इंटेलनं जानेवारी २०११ मध्ये बाजारात आणला. भाचा तेव्हा बालवाडीत होता.

घरच्या कॉम्प्युटरबद्दलचे जवळजवळ सगळे गैरसमज त्या सात ओळींत मावले होते. म्हणून त्या ओळी धरूनच सांगतो.

‘आय-सेव्हन म्हणजे सगळ्यात भारी’

आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हे हुद्दे आहेत आणि हुद्दा त्या-त्या पिढीपुरताच असतो. पिढी ओळखायची ती पुढच्या नंबरावरून. २६०० मधला पहिला आकडा २, म्हणजे दुसरी जनरेशन. १२१०० मधले पहिले दोन आकडे १२, म्हणजे बारावी. नंबर न लिहिता नुसतं ‘आय-सेव्हन’ लिहिलेलं कोटेशन अपुरं असतं, ते तिथल्या तिथे परत करावं.

आता बाराव्या पिढीतला आय-थ्री १२१०० घ्या. तो २०२२ मध्ये आला. ह्या दोघांतही चार कोअर आणि आठ थ्रेड. मूळ वेगही जवळपास सारखा, २६०० चा ३.४ आणि १२१०० चा ३.३ गिगाहर्ट्झ. तरी आय-थ्री त्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला पडणारे ठोके. एका ठोक्यात किती काम उरकतं, हे त्या आकड्यातून कळत नाही, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत खरी वाढ तिथेच झाली आहे. गिगाहर्ट्झच्या मागे लागून खुद्द इंटेल एकदा अडचणीत आली होती. पेंटियम फोर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेला, पण ४ गिगाहर्ट्झचा ठरलेला प्रोसेसर २००४ मध्ये रद्द करावा लागला. उष्णता आवरत नव्हती. २००६ मध्ये कोअर टू ड्युओ आला आणि २.४ गिगाहर्ट्झवर चालून त्यानं ह्या सगळ्या पेंटियमना मागे टाकलं.

वेगाचं सोडा, ताईच्या कामाला दुसरीच अडचण होती. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे पक्षकारांचे पासवर्ड आणि बँकेचे व्यवहार ज्या मशीनवर होणार, ते मशीन घेतल्या दिवसापासूनच उघड्या दाराचं. भाच्याचीही तीच गत. त्याचा व्हॅलोरंट हा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट असल्याशिवाय चालत नाही. एव्हीएक्स-टू नावाच्या सूचना दुसऱ्या जनरेशनमध्ये नाहीतच, त्यामुळे काही नवे गेम अशा प्रोसेसरवर सुरूसुद्धा होत नाहीत. जुना प्रोसेसर टाकाऊ असतो असं माझं म्हणणं नाही. पत्रं टाइप करायला, मुलांना पाढे दाखवायला तो आजही चालेल. पण तो जुना आहे हे सांगून, जुन्याच्या भावात विकला पाहिजे.

‘४ जीबीचं कार्ड आहे, म्हणजे गेम पळणारच’

कार्ड निघालं जीटी ७३०. ग्राफिक्स कार्ड जीबीवर तोलायची आपल्याकडची सवय फार महागात पडते, म्हणून इथे जरा थांबतो.

कार्डावरची मेमरी म्हणजे गोदाम. गोदाम किती मोठं ह्याला अर्थ आहेच, पण त्याचं दार केवढं आणि आत माल हलवणारे हात किती, ह्यावर काम चालतं. जीटी ७३० चं ६४ बिटचं, डीडीआर-थ्री मेमरीचं मॉडेल सेकंदाला १४.४ जीबी माल दारातून बाहेर काढू शकतं. २०१६ च्या जीटीएक्स १०५० टीआय कार्डावरही ४ जीबीच मेमरी आहे, पण त्याचा ओघ सेकंदाला ११२ जीबी. कोटेशनच्या कागदावर दोन्ही ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’च.

नाव पूर्ण लिहून घेतलं तरी डोळे उघडे ठेवावे लागतात. जीटी १०३० दोन प्रकारांत विकलं गेलं. दोन्ही २ जीबी, दोन्हींच्या खोक्यावर जीटी १०३०. एकात जीडीडीआर-फाइव्ह मेमरी, ओघ ४८ जीबी. दुसऱ्यात साधी डीडीआर-फोर, ओघ १६.८ जीबी. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचणाऱ्यालाच फरक कळायचा.

ह्याची दुसरी बाजूही खरी आहे. नव्या गेममध्ये चित्राची प्रत वर नेली की ८ जीबी मेमरीसुद्धा कमी पडू लागली आहे. पण आरटीएक्स ३०६० वर १२ जीबी आणि आरटीएक्स ४०६० वर ८ जीबी असूनही बहुतेक गेममध्ये ४०६०च पुढे राहतं. ब्लेंडर किंवा घरच्या घरी एआय मॉडेल चालवणाऱ्याला मात्र ते १२ जीबी उपयोगी पडतील. जुनं कार्ड घेत असाल तर जीपीयू-झी हे मोफत सॉफ्टवेअर लावून बघा. जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवून विकलेली कार्डं ते ओळखून दाखवतं.

आणि टॅलीला, एक्सेलला, जीएसटीच्या पोर्टलला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स पुरतं. फक्त इंटेलच्या नंबरामागचं ‘एफ’ अक्षर बघायचं. १२४०० मध्ये ग्राफिक्स आहे, १२४००एफ मध्ये नाही. एफ थोडा स्वस्त पडतो, पण उद्या कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं की पडदा काळा आणि रिटर्नची शेवटची तारीख डोक्यावर. कामाच्या मशीनमध्ये मी एफ घालत नाही.

‘रॅम १६ जीबी आहे ना, झालं तर’

१६ जीबीची एक स्टिक आणि ८-८ च्या दोन स्टिक ह्यांची बेरीज सारखी, काम सारखं नाही. दोन स्टिक लावल्या की प्रोसेसर दोन रस्त्यांनी माल आणतो. डीडीआर-फोर ३२०० ला एका रस्त्यानं सेकंदाला २५.६ जीबी, दोन रस्त्यांनी ५१.२. टॅलीत हा फरक जाणवणार नाही. पण अंगच्या ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्याला तो लगेच दिसतो, कारण त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते ह्याच रॅमवर गुजराण करतं. बोर्डवर चार खाचा असतील तर साधारणपणे प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत स्टिक बसवायच्या. शेजारी-शेजारी बसवलेल्या मी कितीदा काढून नीट लावल्या आहेत.

जास्त वेगाची म्हणून घेतलेली रॅम बऱ्याचदा त्या वेगानं चालतच नसते. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, आणि एएमडीच्या नव्या बोर्डवर एक्स्पो, सुरू करावं लागतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर खरा वेग दिसतो. दुकानातून निघण्याआधी तो बघून घ्यावा. ३२ जीबी आत्ताच घेण्याचा हट्ट नको. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी एवढी उचलली की भाव कडाडले. रिकाम्या खाचा असलेला बोर्ड घेतला की पुढे वाढवता येते.

एसएसडीच्या ओळीबद्दल माझी तक्रार नव्हती. एमडॉटटू हा आकार आहे, वेग नव्हे. त्या आकारात साटाही मिळते आणि एनव्हीएमईही. साटा सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबते, एनव्हीएमई काही हजारांवर जाते. पण हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर आलात की जे सुख मिळतं, त्याच्यापुढे ह्या दोघींतला फरक रोजच्या कामात किरकोळ आहे.

‘जास्त वॅटचा एसएमपीएस, जास्त बिल’

हा समज इतका घट्ट आहे की चांगली माणसं मुद्दाम लहान एसएमपीएस मागतात. वॅट म्हणजे देण्याची ताकद, खाण्याची भूक नव्हे. मशीन मागेल तेवढीच वीज तो ओढतो. ताईचं दिवसाचं काम मॉनिटर धरून ८० वॅटच्या आसपास, आठ तासांना साधारण ०.६४ युनिट. रात्री दोन तास गेम, २५० वॅट धरले तर अर्धं युनिट. एसएमपीएस ४५० चा असो की ७५० चा, मीटरवर फरक नाममात्र.

खरी गोष्ट असते त्याच्या कुशीवरच्या स्टिकरवर. कोटेशनमधल्या एसएमपीएसचा फोटो भाच्याकडून मागवला. वर ठळक ४५० वॅट. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १५ अँपिअर. गुणाकार करा : १८० वॅट. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ह्या १२ व्होल्टवरच जगतात. बाकीच्या रकान्यांची बेरीज शोभेची. नीट बनवलेल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर त्या रकान्यात ३५ च्या वर अँपिअर दिसतात. ‘८० प्लस’चा शिक्का वीज वाया किती जाते तेवढंच सांगतो. शॉर्ट झाल्यावर किंवा व्होल्टेज चढल्यावर तो आपणहून बंद पडेल की बोर्डला सोबत घेऊन जाईल, ते त्या शिक्क्यात नसतं. पैसे वाचवायचेत तर लाइटवाल्या कॅबिनेटवर वाचवा. पुढून बंद काचेचं कॅबिनेट एप्रिलच्या सांगलीत हवा कोंडतं. पुढे जाळी असलेलं साधं कॅबिनेट त्याहून गार राहतं.

‘कॉम्प्युटरला थोडी झिणझिण असतेच’

ही ओळ कोटेशनवर नव्हती, पण मला सगळ्यात जास्त काळजी हिचीच वाटते. ताईकडे जुना कॉम्प्युटर होता. अनवाणी पायानं त्याच्या मागच्या स्क्रूला हात लावला की बोटाला मुंग्या यायच्या. घरात सगळ्यांना सवय झाली होती. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते दोन्ही तारांकडून कॅबिनेटच्या धातूला जोडलेले. त्यांतून झिरपणारा अगदी बारीक करंट अर्थिंगनं जमिनीत जायचा असतो. अर्थिंग नसेल तर धातूवर २३० च्या निम्मं, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचं व्होल्टेज ठाण मांडून बसतं. करंट थोडा असल्यानं नुसत्या मुंग्या येतात. पण आत काही बिघडलं तर ती थोडक्यातली गोष्ट राहत नाही. स्पाइक गार्डचं संरक्षणही बऱ्याच अंशी ह्याच तारेवर असतं.

मी सांगलीला गेलो तेव्हा वायरमननं बोर्ड उघडला. तिसऱ्या, मोठ्या भोकाच्या मागे तार नव्हतीच. पितळी पट्टी वर्षानुवर्षं कोरी, स्क्रूची खूणही नाही. त्यानं मीटरपासून हिरवी तार ओढली, मग फेज आणि अर्थ ह्यांच्यात मल्टिमीटर धरून दाखवला : २२८. स्क्रूला हात लावून ताई म्हणाली, "गेलं की रे." यूपीएस तिच्याकडे ६०० व्हीएचा होता. व्हीए म्हणजे वॅट नव्हे; असा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. तेवढा पुरणार होता.

मूळ कोटेशनमध्ये जीएसटीची ओळ नव्हती, हे ताईनं माझ्याआधी हेरलं होतं. ‘असेंबल केलेल्याला वॉरंटी नसते’ असं लोक म्हणतात ते ह्याचमुळे. वॉरंटी असते, प्रत्येक भागाची वेगवेगळी, पण पक्कं बिल आणि त्यावर सिरीयल नंबर असेल तरच ती मागता येते.

शेवटी आय-फाइव्ह १२४००, ८-८ च्या दोन स्टिक, ५०० जीबी एनव्हीएमई, जाळीचं कॅबिनेट आणि ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस असं ठरलं. एसएमपीएस मीच मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून घेतला आणि एसटीतून मांडीवर नेला. मॉनिटर १४४ हर्ट्झचा. कार्ड पैसे जमल्यावर दिवाळीला. तोवर व्हॅलोरंट अंगच्या ग्राफिक्सवर कमी सेटिंगला चाललं.

दिवाळीत आरटीएक्स ४०६० आलं. ते जेमतेम ११५ वॅट खातं, त्यामुळे बाकी काही बदलावं लागलं नाही. भाच्यानं स्वतः बसवलं आणि रात्री साडेदहाला फोन केला. "मामा, फ्रेम्स काही वाढल्याच नाहीत. कार्ड खराब आहे का?" आवाज पार पडलेला. मी त्याला व्हिडिओ कॉल करून मशीनची पाठ दाखवायला सांगितली. मॉनिटरची केबल वर, मदरबोर्डच्याच खाचेत होती. कार्डाच्या खाचा खाली, आडव्या, त्यांवरची प्लास्टिकची टोपणंही तशीच. "ती टोपी काढ आणि केबल खाली लाव. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ६० चे १४४ कर."

फोन टेबलावर उताणा पडला. मला फक्त पंखा दिसत होता आणि केबल ओढल्याचा आवाज आला. मग बराच वेळ कुणी बोललं नाही, नुसता माऊस चालत होता.